बरोबरीचा अर्धा गुण

गेल्या हिवाळ्यात आमच्या कार्यालयीन बुद्धिबळ-स्पर्धेत माझा एक डाव बरोबरीत सुटला. समोर बसल्या होत्या त्या दुसऱ्या विभागातील एक महिला सहकारी. दोन-अडीच तासांच्या झटापटीनंतर दोघांपाशीही एकेक हत्ती आणि तीन-तीन प्यादी उरली, तेव्हा पटावरची नजर न काढता त्यांनी बरोबरीचा प्रस्ताव केला आणि मी तो निमूटपणे स्वीकारला. डाव म्हणून त्यात सांगण्यासारखे काही नाही. परंतु दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी असे दिसून आले, की त्यांचे अभिनंदन चालले आहे आणि माझे सांत्वन. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तर माझ्या खांद्यावर हात ठेवून, "व्हायचेच असे कधी कधी," एवढेच म्हटले. जणू घरात काही अशुभ घडले होते. सूचनाफलकावरच्या गुणतक्त्यात मात्र दोघांच्याही ओळींत सारखाच अर्धा गुण मांडलेला होता.

आपणांपैकी ज्यांची उमेदीची वर्षे बदल्यांच्या गावी गेली, त्यांना बुद्धिबळांच्या पटाचे मोल निराळे सांगावयास नको. भाषा नवी, शेजार नवा, बिऱ्हाड अजून लागलेले नाही, अशा संध्याकाळी पट मांडला म्हणजे समोरच्या माणसाशी बोलावयास भाषा लागत नाही. दिल्लीतील माझ्या पहिल्या वर्षाचा आधार तोच होता. पदवीसाठी मी इतिहास घेतला होता. पुढे नोकरीने एका कागदावरची नोंद दुसऱ्या कागदाशी ताडून पाहण्याची खोड लावली. ह्या दोहोंच्या योगाने तो अर्धा गुण माझ्या मनातून जाईना. स्त्रियांच्या बुद्धिबळ-स्पर्धांचे जुने गुणतक्ते मी सवडीने चाळू लागलो, आणि एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडली. ज्यांना ह्या खेळाच्या इतिहासात मानाचे पान आहे, अशा कित्येक स्त्रियांच्या सर्वांत गाजलेल्या विजयाच्या ओळीत सगळे डाव जिंकलेले असतात आणि कोठेतरी एकच डाव बरोबरीचा असतो.

आपल्या भाषेत हा 'बरोबरी' शब्दही मोठा अडचणीचा आहे. पटावर तो निकालाचे नाव. घरात तो दटावणीचा शब्द. "भावाची बरोबरी करू नकोस," हे वाक्य ज्या मुलीने ऐकले नाही, तिचे भाग्य थोर म्हणावयाचे. म्हणून पुढे ह्या लेखात जेथे जेथे बरोबरी म्हटले आहे, तेथे वाचकांनी दोन्ही अर्थ ध्यानात ठेवले तर माझी तक्रार नाही.

हा अर्धा गुण बुद्धिबळांइतका जुना नाही. आपल्याकडील देशी पद्धतीत प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला, की डाव बुर्जी झाला असे म्हणत. ती मात नव्हे आणि पुरती जीतही नव्हे. परंतु तो दोन खेळाडूंमधला मामला होता, त्याची बेरीज कोणी करीत नसे. युरोपात स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा बरोबरीचा डाव हा न झालेलाच डाव समजत आणि पुन्हा खेळावयास लावीत. १८६७ मध्ये पॅरिसच्या स्पर्धेत ह्याच्यावर उपाय काढला तो असा, की बरोबरी झाली तर दोघांनाही शून्य. त्याच वर्षी स्कॉटलंडमधील डंडी येथे मात्र कोणा व्यवहारी माणसाच्या डोक्यातून दोघांना अर्धा-अर्धा देण्याची कल्पना निघाली, आणि तीच पुढे जगभर रुजली. माझ्या आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत अर्धा हा आकडा दोन उभ्या दंडांनी लिहिलेला असे. १०॥ म्हणजे साडेदहा. डंडीच्या गुणतक्त्याला ती खूण फार शोभली असती.

आता स्त्रियांच्या तक्त्यांकडे वळू. १८९७ च्या जून महिन्यात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाल्याचा उत्सव लंडनमध्ये चालला असताना, त्याच शहरात स्त्रियांची पहिली आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ-स्पर्धा भरली. वीस स्त्रिया खेळल्या, म्हणजे प्रत्येकीला एकोणीस डाव. पहिल्या आल्या त्या मेरी रज्. पन्नाशी उलटलेल्या, अविवाहित, एका डॉक्टरांच्या मागे राहिलेल्या मुलींपैकी एक. वडील गेल्यावर ह्या बहिणींच्या चरितार्थासाठी बुद्धिबळप्रेमी लोकांना जाहीर आवाहन करावे लागले होते. रज्‌बाईंनी अठरा डाव जिंकले आणि एक बरोबरीत सोडविला, साडेअठरा गुण. दुसऱ्या आलेल्या लुइझा फॅगन ह्यांचे साडेपंधरा. ह्या फॅगनबाई हिंदुस्थानात राहून गेलेल्या आणि मुंबईत बुद्धिबळे खेळलेल्या होत्या, एवढा आपल्या प्रांताशी ह्या स्पर्धेचा धागा. एकोणीस डावांत दुसरीवर तीन गुणांची आघाडी म्हणजे स्पर्धा जवळजवळ एकतर्फी झाली असे मानावयास हरकत नाही. मेरी रज् १९१९ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात वारल्या.

त्यानंतर तीस वर्षांनी, १९२७ च्या जुलैत, पुन्हा लंडनच. १९२४ मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या जागतिक बुद्धिबळ महासंघाने पहिले ऑलिंपियाड तेथे भरविले आणि त्याच्या जोडीला स्त्रियांसाठी जगज्जेतेपदाची पहिली स्पर्धा ठेवली. बारा खेळाडू, अकरा डाव. जिंकल्या व्हेरा मेनचिक, वय वर्षे एकवीस, गुण साडेदहा. दहा डाव जिंकले, एक बरोबरीत.

मेनचिकबाईंची हकीकत बदलीच्या गावी राहणाऱ्या माणसाला विशेष जवळची वाटावी अशी आहे. जन्म १९०६ चा, मॉस्कोचा. वडील चेक, आई इंग्रज. क्रांतीनंतर घरची मालमत्ता गेली, आईवडील वेगळे झाले, आणि १९२१ मध्ये आई दोन मुलींना घेऊन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज येथे येऊन राहिली. मुलीला इंग्रजी येत नव्हते. न बोलता करता येण्यासारखी गोष्ट म्हणून ती बुद्धिबळांच्या क्लबात जाऊ लागली, असे तिनेच पुढे सांगितले. तेथे हंगेरीचे नामांकित खेळाडू गेझा मारोत्सी ह्यांचे शिक्षण तिला लाभले. १९२७ ते १९३९ ह्या काळात जगज्जेतेपदाच्या सात स्पर्धा झाल्या आणि सातही मेनचिकबाईंनी जिंकल्या. सात स्पर्धांचे मिळून त्र्याऐंशी डाव होतात. त्यांपैकी अठ्ठ्याहत्तर जिंकले, एक हरला, चार बरोबरीत. मी हे आकडे दोनदा बेरजा करून पाहिले, टोटल जमते.

परंतु ह्याच काळात त्या पुरुषांच्या स्पर्धांतही खेळत होत्या, आणि तेथील हिशेब अगदी निराळा आहे. १९२९ च्या ईस्टरमध्ये रॅम्सगेट येथे सात डावांत त्या एकही हरल्या नाहीत. तीन जिंकले आणि चार बरोबरीत सोडविले. कापाब्लांकांच्या मागे अर्ध्याच गुणाने, रुबिनस्टाइन ह्यांच्या जोडीने दुसऱ्या. त्याच वर्षी कार्ल्सबाडच्या बलाढ्य स्पर्धेत मात्र एकवीस डावांत तीन गुण आणि बाविसावा, म्हणजे शेवटला क्रमांक. व्हिएन्नाचे आल्बर्ट बेकर ह्यांनी तेथे थट्टेने एक मंडळ काढले. ह्या बाईंकडून जो हरेल तो 'व्हेरा मेनचिक क्लबा'चा सभासद. आणि जो बरोबरी करील तो उमेदवार सभासद, असेही सांगतात. पहिले सभासद स्वतः बेकरच झाले. पुढे ह्या क्लबात मॅक्स यूवे दोनदा दाखल झाले, जे १९३५ मध्ये जगज्जेते व्हावयाचे होते. सुलतान खान ह्यांचेही नाव त्यात आहे.

थट्टेतला हा नियम वाचताना आमच्या कार्यालयातला चहा मला आठवला. पुरुषाने स्त्रीशी बरोबरी केली तर तो अर्धा अपराधी, हा न्याय बेकर ह्यांच्या काळापासून फारसा पुढे गेलेला नाही. पण आपल्या विषयाला उपयोगी गोष्ट वेगळीच आहे. रॅम्सगेटला सात डावांत चार बरोबऱ्या करणारी ही खेळाडू स्त्रियांमध्ये त्र्याऐंशी डावांत चारच बरोबऱ्या करते. म्हणजे तिची खरी जोड तिला कोठे भेटत होती आणि कोठे भेटत नव्हती, हे बरोबरीच्या आकड्यावरून जितके कळते तितके विजयांच्या आकड्यावरून कळत नाही.

ह्यानंतर जे प्रकरण येते, त्यासाठीच खरे म्हणजे मी हा लेख लिहावयास घेतला.

१९२९ मध्ये पंजाबातील मोठे जमीनदार सर उमर हयात खान टिवाना हे भारतमंत्र्यांच्या मंडळाचे सभासद म्हणून लंडनला गेले. त्यांच्या परिवारात सुलतान खान हे तरुण होते. त्यांनी आदल्याच वर्षी अखिल भारतीय अजिंक्यपद मिळविले होते, तेही आठ विजय आणि एक बरोबरी अशा गुणांनी. ते लहानपणापासून देशी पद्धतीने खेळत आलेले. तीत प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाण्याची मुभा नाही आणि राजाला किल्ल्यात नेण्याची विलायती रीतही नाही. तरी इंग्लंडला पोहोचल्यावर काही महिन्यांतच ते ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही जिंकले. मधल्या काळात हेस्टिंग्जला त्यांनी कापाब्लांकांना हरविले आणि ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडकडून पहिल्या पटावर बसले. अमेरिकन खेळाडू रूबेन फाइन ह्यांनी लिहून ठेवले आहे, की १९३३ मध्ये सर उमर ह्यांनी अमेरिकन संघाला जेवावयास बोलाविले तेव्हा पंगतीत वाढत होते ते सुलतान खान. त्यांना नोकर म्हणण्यावर त्यांच्या नातीने अलीकडे हरकत घेतली आहे, आणि ती विचार करण्याजोगी आहे. परंतु सुलतान खान ह्यांच्याविषयी निदान वाद तरी होतो.

त्याच घरात आणखी एक खेळाडू होती. गुलाम फातिमा हे तिचे नाव. इंग्रजी कागदपत्रांत 'मिस फातिमा'. जन्म १९११ चा किंवा १९१२ चा. सर उमर ह्यांच्या घरी ती सेवेस होती. १९३२ मध्ये ब्रिटिश स्त्रियांच्या अजिंक्यपद-स्पर्धेत ती सहावी आली. पुढच्या वर्षी, म्हणजे १९३३ मध्ये, ही स्पर्धा हेस्टिंग्जला भरली. ज्या गावी बारा वर्षांपूर्वी मेनचिकबाई मुक्या पाहुणीसारख्या येऊन उतरल्या होत्या, त्याच गावी. फातिमाने अकरा डावांपैकी दहा जिंकले आणि एक बरोबरीत सोडविला. गुण साडेदहा. दुसऱ्या क्रमांकाशी अंतर तीन गुणांचे. पुरुषांचे अजिंक्यपदही त्याच वेळी सुलतान खान ह्यांच्याकडे गेले. ब्रिटनची दोन्ही अजिंक्यपदे एका वर्षी पंजाबातून आलेल्या एकाच घरात गेली, असा तो प्रसंग.

अकरा डाव, दहा विजय, एक बरोबरी: १९२७ च्या लंडनच्या तक्त्यातील मेनचिकबाईंची ओळ आणि १९३३ च्या हेस्टिंग्जच्या तक्त्यातील फातिमाची ओळ एकमेकींवर ठेवली तर नावाखेरीज फरक सापडत नाही. वयेही जवळजवळ सारखीच. साहजिकच मनात येते, की ह्या दोघींचा डाव झाला असता तर काय झाले असते? त्या अजिंक्यपद-स्पर्धेत तो होणे शक्य नव्हते, आणि त्याचे कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याने जपून ठेवावे असे आहे. मेनचिकबाई हेस्टिंग्जला वाढल्या, तेथेच मारोत्सींकडे शिकल्या, परंतु त्या ब्रिटिश प्रजाजन नव्हत्या. त्यांचा विवाह १९३७ मध्ये झाला, तोवर त्या कायद्याने परक्या. पंजाबातील सेवेकरी मुलगी मात्र साम्राज्याची प्रजा म्हणून ब्रिटिश ठरली आणि तिला त्या पटावर जागा मिळाली. साम्राज्याने आपल्या माणसांना जे थोडे हक्क दिले, त्यांत हा एक असावा, ही गंमतच म्हणावयाची. तिने तो वापरला एवढे खरे.

पुढच्या वर्षी आपले पद राखण्यासाठी फातिमा तेथे नव्हती. १९३३ च्या अखेरीस सर उमर ह्यांचे बिऱ्हाड हिंदुस्थानात परतले आणि त्यांच्याबरोबर हे दोघेही परतले. आपल्यापैकी बदलीचा हुकूम हातात पडल्यावर चालू वर्षातील मुलांची शाळा, अर्धवट राहिलेले काम, लागलेला लळा असे सगळे सोडून निघणारे पुष्कळ आहेत. परंतु आपला हुकूम निदान आपल्या नावाने निघतो. सुलतान खान ह्यांना युरोप सोडताना तुरुंगातून सुटल्यासारखे वाटले, असे फातिमानेच सांगितल्याचे नमूद आहे. इंग्लंडची ओली थंडी त्यांना मानवली नव्हती. तिला स्वतःला काय वाटले, ह्याला त्या नोंदीत जागा मिळालेली नाही. १९९० मध्ये ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर सुलतान खान ह्यांच्यावरचा एक माहितीपट दाखविला गेला. त्यात वृद्ध फातिमा बोलताना दिसल्या. म्हणजे तेथेही त्या आल्या त्या दुसऱ्याची साक्ष देण्यासाठीच. सुलतान खान १९६६ मध्ये सरगोध्याला वारले, आणि २०२४ मध्ये जागतिक महासंघाने त्यांना मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली.

फातिमाच्या त्या ओळीतील अर्ध्या गुणाचा मी जो अर्थ लावतो तो सांगून पुढे जातो. तक्त्यात अर्धा गुण कधीही एकटा नसतो. एका ओळीत तो पडला म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी ओळीत तो पडलाच पाहिजे. हिशेबातील जमा आणि नावे ह्यांसारखी ती जोडनोंद आहे. विजेत्या स्त्रीला त्या अर्ध्याची हळहळ वाटली असेल, पण समोरच्या ओळीत तोच अर्धा त्या वर्षाची सर्वांत मोठी मिळकत ठरली असेल. दहा जणी हरल्या आणि एक टिकली. ती टिकली नसती तर तक्ता अधिक देखणा झाला असता, इतकेच.

असे एकांडे अर्धे गुण वरचेवर का आढळतात, ह्याचे उत्तर मला वाटते सरळ आहे. पुरुषांच्या क्लबांतून स्त्रियांना बहुधा प्रवेश नसे. शिकविणारा मारोत्सीसारखा गुरू हजारात एकीला मिळे. सवड आणि पैसा तर त्याहून दुर्मिळ. त्यामुळे स्पर्धेला बारा जणी जमल्या, की त्यांत एखादीच पूर्ण तयारीची असे आणि बाकीच्या हौशी. अशा ठिकाणी तयारीची खेळाडू सगळ्यांना हरवीत जाणार हे ठरलेलेच. बरोबरी व्हावयाची तर दोघी तोडीस तोड हव्यात. म्हणून स्त्रियांच्या बुद्धिबळांची वाढ मोजावयाची असेल तर किती जिंकले हे न पाहता किती डाव सुटले नाहीत हे पाहावे, असे माझे मत झाले आहे. शास्त्रीय मोजमाप म्हणून मी ते पुढे करीत नाही. कारकुनाचा ठोकताळा म्हणा.

ठोकताळा लावून पाहू. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या जूनमध्ये, लंडनच्या क्लॅपहॅम भागात मेनचिकबाईंच्या घरावर जर्मन उडता बाँब पडला आणि त्या, त्यांची आई आणि बहीण तिघीही मरण पावल्या. त्यांच्यानंतर जगज्जेतेपद सोव्हिएत स्त्रियांकडे गेले, आणि तेथे शाळांपासून खेळाची शिस्तशीर तयारी होती. १९६२ मध्ये जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्विली ह्यांनी बिकोवांचा नऊ विरुद्ध दोन असा पराभव केला, त्या अकरा डावांत चार बरोबरीचे आहेत. सोळा वर्षांनी, १९७८ मध्ये, ह्याच गाप्रिंदाश्विलींना सतरा वर्षांच्या माया चिबुर्दानिद्झे ह्यांनी पदच्युत केले; दोघीही जॉर्जियाच्याच. तेथे पंधरा डावांपैकी नऊ बरोबरीत सुटले. मेनचिकबाईंच्या त्र्याऐंशीत चार, आणि येथे पंधरात नऊ! एवढेसे ते राष्ट्र, पण त्यात एकमेकींना अडवून धरणाऱ्या दोन स्त्रिया एका वेळी तयार झाल्या.

आपल्याकडे स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली १९७४ मध्ये, बंगलोरला. ती जिंकली मुंबईच्या वासंती खाडिलकर ह्यांनी, आणि पहिल्या दशकावर वासंती, जयश्री आणि रोहिणी ह्या तिघी बहिणींचा ठसा उमटला. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर ह्यांच्या ह्या मुली. नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांच्या पणत्या. धाकट्या रोहिणी १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या आणि तीन राज्यांच्या विजेत्यांना त्यांनी हरविले. त्यावर मोठे वादळ उठले. मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत खेळावे की नाही, हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जागतिक महासंघाच्या अध्यक्षांपर्यंतही. अध्यक्षांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. हे अध्यक्ष म्हणजे मॅक्स यूवे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी हेस्टिंग्जला मेनचिकबाईंकडून दोनदा हरलेले, त्या थट्टेच्या क्लबाचे नामांकित सभासद. निकाल लिहिताना त्यांना ते डाव आठवले असतील की नाही कोण जाणे. मला तरी आठवले असते.

ह्याच रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये हैदराबादला आशियाई अजिंक्यपद जिंकल्या, आणि त्यांचे गुण बारापैकी साडेअकरा. म्हणजे पुन्हा तेच: अकरा विजय, एक बरोबरी. लंडन, हेस्टिंग्ज, हैदराबाद. हा तक्ता प्रथम पाहिला तेव्हा मला अर्थातच अभिमान वाटला; मागाहून माझाच ठोकताळा आठवला आणि वाटले, की आशियात त्या वेळी त्यांच्या जोडीची दुसरी कोणी नव्हती, हीही गोष्ट त्या ओळीत लिहिलेली आहे. घरात मात्र होत्या. खाडिलकरांच्या तिघी बहिणींना एकमेकींशी खेळावयास मिळाले, हे त्यांचे खरे भांडवल.

मेनचिकबाईंचे नाव आज एका करंडकाला आहे. १९५७ मध्ये हॉलंडमधील एमेन येथे स्त्रियांचे पहिले ऑलिंपियाड झाले, तेव्हापासून विजेत्या संघाला व्हेरा मेनचिक करंडक मिळतो. २०२४ च्या सप्टेंबरात बुडापेस्टला तो प्रथमच भारतीय स्त्रियांच्या हाती आला. त्या संघात तिसऱ्या पटावर नागपूरची दिव्या देशमुख होती. अकरा डावांत तिचे गुण साडेनऊ: आठ विजय, तीन बरोबऱ्या, पराभव नाही. तिसऱ्या पटाचे वैयक्तिक सुवर्णपदक तिला मिळाले. मेनचिक आणि फातिमा ह्यांच्याहून एक गुण कमी, एवढेच कोणी पाहील. मी तीन बरोबऱ्या पाहतो.

आणि त्यापुढचे वर्ष तर आपल्या सर्वांच्या स्मरणात ताजे आहे. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातील बातुमी येथे, म्हणजे गाप्रिंदाश्विली आणि चिबुर्दानिद्झे ह्यांच्याच देशात, स्त्रियांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी झाली ती दोन भारतीयांमध्ये. एकीकडे अडतीस वर्षांच्या कोनेरू हंपी, ज्यांनी २००२ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर पदवी मिळविली होती. दुसरीकडे एकोणीस वर्षांची दिव्या, जी हंपींना ती पदवी मिळाली तेव्हा जन्मलेलीही नव्हती. पहिला डाव २६ जुलैला झाला. त्यात दिव्याची बाजू काही काळ वरचढ होती, पण हंपींनी तो निसटू दिला नाही, बरोबरी. दुसऱ्या दिवशी दुसरा डाव, बरोबरी. मग २८ तारखेला जलद डाव ठेवावे लागले, आणि त्यांतलाही पहिला बरोबरीतच सुटला. तीन दिवसांत तीन डाव, आणि दोघींच्या ओळींत तीन-तीन अर्धे. नागपूरच्या माझ्या आप्तांचे त्या तीन दिवसांत मला इतके दूरध्वनी आले, की कार्यालयात कोणाला वाटावे घरी कोणी आजारी आहे. चौथ्या डावात, काळी मोहरी घेऊन, दिव्या जिंकली. आणि त्या एका विजयाबरोबर विश्वचषक आणि ग्रँडमास्टर पदवी दोन्ही तिच्याकडे आली.

त्या संध्याकाळी आमच्या कार्यालयात पेढे वाटले ते मी नव्हे, तर माझ्याशी डाव बरोबरीत सोडविणाऱ्या त्या सहकाऱ्यांनी. त्या आंध्रच्या आहेत, हंपींच्या प्रांतातल्या. "अंतिम फेरीत दोघी आमच्याच होत्या," असे त्यांनी हिंदीत सांगितले आणि पेढ्यांचा पुडा ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला. यंदाच्या स्पर्धेची जुळणी लागली आहे. पहिल्याच फेरीत आमचा दोघांचा डाव आहे. पांढरी मोहरी त्यांच्याकडे.